डोक्यावरची खाच

जयपूरच्या सवाई जयसिंहाचा पितळी यंत्रांवर भरवसा नव्हता. ‘झीज-इ-मुहम्मदशाही’ या ग्रहकोष्टकांच्या प्रस्तावनेत त्याची तक्रार नोंदलेली आहे: यंत्रे लहान असतात, अंशांचे बारीक भाग पाडायला त्यांवर जागा नसते, आस झिजतो, वर्तुळाचा मध्य सरकतो, सगळेच डळमळते. मग त्याने दगड-चुन्याची अजस्र यंत्रे बांधली. त्यांतला एक संच अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उज्जैनला क्षिप्रेकाठी उभा राहिला. पुढे ही वेधशाळा ओसाड पडली. 1923 मध्ये माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने गोविंद सदाशिव आपटे यांनी डागडुजी करून ती पुन्हा वापरात आणली.

हाच डळमळीचा प्रश्न युरोपने दुसऱ्या वाटेने सोडवला. तिथल्या कारागिरांनी धातू सोडला नाही, स्क्रूचे आटे सुधारले. लंडनच्या जेसी रॅम्सडेनने 1770 च्या दशकात वर्तुळाचे भाग पाडणारे यंत्र केले, त्याचा सारा प्राण एका अचूक मळसूत्रात होता. तंत्रज्ञानाच्या इतिहासात आट्यांना असा मान मिळतो. स्क्रूच्या डोक्याकडे मात्र कोणी बघत नाही. खरे तर सुताराचे आणि मेकॅनिकचे अर्धे आयुष्य त्या डोक्याशी झगडण्यात जाते, कारण आटे बहुधा शाबूत असतात आणि खाच मात्र खाल्लेली असते.

उज्जैन 1810 पर्यंत शिंद्यांच्या राजधानीचे गाव होते. त्या काळच्या वाड्यांची दारे पाहिली तर स्क्रूची गरजच नव्हती हे कळते. फळीचेच वरखाली पुढे आलेले टोक दगडी खळग्यात फिरते आणि फळ्या रुंद टोपीच्या खिळ्यांनी आवळलेल्या असतात. लोखंडी बिजागरी आली ती स्क्रूला सोबत घेऊनच. तो स्क्रू बर्मिंगहॅमचा. 1846 मध्ये अमेरिकेच्या थॉमस स्लोनने अणकुचीदार टोकाच्या लाकडी स्क्रूचे पेटंट घेतले, तोवर स्क्रू बोथट असत आणि आधी पूर्ण भोक पाडावे लागे. असे स्क्रू करणाऱ्या यंत्रांचे इंग्लंडमधले हक्क 1854 मध्ये नेटलफोल्ड अँड चेंबरलेन या कंपनीने घेतले. पुढे ब्रिटनचा वसाहतमंत्री झालेला जोसेफ चेंबरलेन उमेदवारीच्या वर्षांत याच धंद्यात होता. आपल्याकडे हावड्याच्या गेस्ट कीन विल्यम्सने ‘नेटलफोल्ड’ हे नाव इतके रुजवले की बांधकामाच्या निविदांत ते अजूनही आढळते. जुन्या कपाटातून बोथट टोकाचा स्क्रू निघाला, तर तो बहुधा स्लोनच्या आधीच्या पद्धतीचा समजावा.

या सगळ्या स्क्रूंच्या डोक्यावर एकच सरळ चीर. तिला हल्ली कोणी चांगले म्हणत नाही, आणि यंत्राने पिळायचे असेल तर ते बरोबरच आहे: पेचकसाचे टोक मध्यावर बसत नाही आणि घसरून लाकडावर ओरखडा काढते. पण सागवानी दारावर पितळी स्क्रू बसवायचा असेल तर मी अजून चीरच निवडेन. पावसाळी ओलीत साधे लोखंड गंजते, भोवती काळा डाग धरते, म्हणून पितळ. पितळ मऊ, म्हणून जाणता सुतार आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू पिळून वाट करतो, तो काढतो, मग पितळी स्क्रूला साबण लावून हळूच आत घेतो. तीस वर्षांनी तैलरंगाचे चार थर बसले तरी चीर टोकदार पात्याने खरवडून मोकळी करता येते. फुलीची खाच एकदा रंगाने भरली की कपाळाला हात. शिवाय चिरीला कोणतेही पाते चालते, आपल्याकडे तर विजेचा टेस्टरच घरोघरी पेचकस म्हणून राबतो. त्या बिचाऱ्याचे काम वीज ओळखायचे. तो पिळून पिळून वाकडा होतो आणि ज्या दिवशी दिवा लागायला हवा त्या दिवशी लागत नाही.

चिरीवरचा पहिला चांगला तोडगा कॅनडात निघाला. पी. एल. रॉबर्टसनचा पेचकस घसरून त्याचा हात कापला, अशी हकीकत सांगतात. 1909 मध्ये त्याने चौकोनी खाचेचे पेटंट मिळवले. चौकोनात टोक घट्ट बसते आणि स्क्रू पेचकसाला धरून राहतो, म्हणजे एका हाताने काम होते. हेन्री फोर्डला तो हवा होता, पण हक्कांवरून जमले नाही, आणि चौकोन बराचसा कॅनडापुरता उरला. जगभर पसरली ती फुली. जॉन थॉम्पसनची कल्पना, हेन्री फिलिप्सने विकत घेऊन सुधारली, 1936 मध्ये पेटंट झाले आणि जनरल मोटर्सने कॅडिलॅकसाठी उचलली. फिलिप्सचे टोक आपोआप मध्यावर बसते, कारखान्याला एवढेच हवे होते. जास्त जोर झाला की ते खाचेतून वर निसटते. स्क्रू तुटू नये म्हणून मुद्दाम तशी रचना केली, असे बहुतेक पुस्तके सांगतात. पण 1936 च्या पेटंटांत तो हेतू आढळत नाही, नंतरच्या एका पेटंटात येतो. दोषालाच गुण म्हणून मिरवण्याचा हा प्रकार मला वाटतो.

फुलीचा खरा घोळ आपल्या रस्त्यांवर झाला. 1980 च्या दशकाच्या मध्यावर हिरो होंडा, यामाहा आरएक्स 100, कावासाकी बजाज अशा जपानी घडणीच्या गाड्या आल्या. त्यांच्या इंजिनाच्या झाकणांवर फुलीच होती, पण जपानी मानकाची: दिसायला जुळी, मात्र फिलिप्सचे टोक तिच्यात पूर्ण खाली बसत नाही. पुष्कळदा अशा डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. तो ठिपका न ओळखता गॅरेजवाल्याने नेहमीचा पेचकस लावला आणि हजारो खाचा गोल झाल्या. मग पटाशी आणि हातोडा, नाहीतर हातोड्याचा घाव पिळात बदलणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर. आरएक्सचे शौकीन पुढे ते स्क्रूच काढून सहाकोनी खाचेचे अॅलन बोल्ट बसवू लागले. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या विल्यम अॅलनच्या 1910 च्या पेटंटाचे हे वारस. त्यांची एल-की अरुंद जागेत शिरते आणि जोर चांगला पेलते. खाचेत चिखल भरतो, हा एक त्रास.

डोक्याचा आकार हा वेगळाच विषय आहे, खाचेइतकाच महत्त्वाचा. बिजागरीत चपटे शंकूसारखे काउंटरसंक डोके हवे, म्हणजे ते पत्र्याशी सपाट होते. जिप्सम बोर्डाच्या काळ्या स्क्रूचे डोके खालून वळणदार असते, त्याने वरचा कागद फाटत नाही. फायबरमध्ये काउंटरसंक वापरणे मात्र घात आहे, कारण तो शंकू पाचरीसारखा आत घुसून तडा काढतो. तिथे सपाट बुडाचे पॅन हेड आणि रुंद वायसर पाहिजे. 28 मे 2023 च्या वादळात उज्जैनच्या महाकाल मंदिराभोवतीच्या ‘महाकाल लोक’ परिसरातल्या सात फायबर सप्तर्षींपैकी सहा मूर्ती कोसळल्या, तेव्हा शहरात पाया आणि वजनावर बोलणे झाले. पोकळ मूर्ती कशाने आणि कशी धरून ठेवायची, हा प्रश्नही तितकाच तांत्रिक आहे.

2027 मध्ये नाशिक आणि 2028 मध्ये उज्जैन, असे सिंहस्थ येतील.  सिंहस्थासाठी पत्र्याची छपरे उभी राहतील, ती सहाकोनी डोक्याच्या, स्वतःच भोक पाडणाऱ्या, रबरी वायसरच्या स्क्रूंवर. त्यांना खाच नसतेच. सॉकेट बाहेरून पकडते, म्हणून घसरत नाही, आणि मेळा संपल्यावर तितक्याच वेगाने सुटतात. एकच पथ्य: रबर फुगून बाहेर येईल इतके आवळायचे नाही, नाहीतर पहिल्याच पावसात गळती.

उघडण्याची सोय ठेवायची की नाही, हे ठरवणारी खाच मात्र मोबाइलमध्ये भेटते. 1967 मध्ये आलेला टॉर्क्स सहा पाकळ्यांचा, जोर पेलण्यात फुलीला मागे टाकणारा. ती प्रामाणिक सुधारणा होती. 2009 मध्ये अॅपलने पाच पाकळ्यांचा पेंटालोब आणला. अॅपल काही म्हणो, ग्राहकाने झाकण उघडू नये हाच त्याचा उपयोग, असे माझे मत आहे. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, ती अशाच अडथळ्यांमुळे. दरम्यान उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या दुरुस्तीवाल्यालाही बिटांच्या स्वस्त संचात पाचपाकळीचे टोक मिळते. कुलूप असे शोभेचे उरल्यावर कंपन्यांनी स्क्रूऐवजी डिंक वापरायला सुरुवात केली आहे.