भार पडल्यावरच दिसणारा दोष

घासलेले बेअरिंग आवाज करते, फाटलेले गॅस्केट तेल गाळते, जळालेली क्लच प्लेट वासावरून कळते. यांत्रिक दोष असा काहीतरी माग ठेवतो. विजेचा दोष ठेवेलच असे नाही. घाटाच्या चढावर पिकअप अचानक जातो, डॅशबोर्डवरचे दिवे क्षणभर मंदावतात, इंजिन बंद पडते. थोड्या वेळाने सेल्फ मारला की तीच गाडी काही झालेच नाही अशी सुरू होते आणि गॅरेजात पोहोचल्यावर तर फारच शहाण्यासारखी वागते. मग बॅटरी बदलली जाते. दोष परत आला की अल्टरनेटर, त्यानंतर पेट्रोल पंप. बिल वाढत जाते आणि गाडी पुन्हा त्याच चढावर थांबते. काढून टाकलेले पार्ट कदाचित धडधाकटच असतात, पण त्यांची परीक्षा झालेली असते ती गाडी निवांत उभी असताना. ऑटो इलेक्ट्रिशियनच्या कसबाचे मर्म नेमके इथे आहे. गाडीतला विजेचा दोष बहुधा भार पडल्यावरच प्रकट होतो, म्हणून तो भाराखालीच मोजावा लागतो. उभ्या गाडीत, प्रवाह वाहत नसलेल्या सर्किटवर घेतलेले माप खोटे नसते, पण ते भलत्याच प्रश्नाचे उत्तर असते.

सर्वांत साध्या मापापासून सुरुवात करू. लेड-ॲसिड बॅटरीत सहा सेल असतात आणि प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्ट देतो. त्यामुळे पूर्ण चार्ज झालेली बॅटरी आराम करताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, निम्मी उतरलेली १२.२ च्या आसपास. पण जुन्या, प्लेटा खराब झालेल्या बॅटरीवरही १२.६ दिसू शकतात. सेल्फ फिरताना लहान पेट्रोल गाडीतही शंभर-दीडशे अँपिअर ओढले जातात. त्या क्षणी व्होल्टेज ९.६ च्या खाली गेले, तर आरामातला तो आकडा कवडीमोल ठरतो. अल्टरनेटरचेही तेच. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले की तो ठीक आहे असे मानले जाते. मात्र आतल्या डायोडपैकी एखादा निकामी झाला, तरी कमी भारावर मीटर जवळपास बरोबरच आकडा दाखवतो. हेडलाइट, ब्लोअर आणि वायपर एकदम चालू केले की चार्जिंग तोकडे पडते, आणि मीटर एसी व्होल्टवर फिरवला की अर्ध्या व्होल्टहून मोठी लहर उघडी पडते. नळ बंद असताना पाइपात दाब पुरेपूर असतो. पाइप आतून किती गंजला आहे हे नळ सोडल्यावरच समजते.

हाच तर्क तारा आणि जोडांना लावला की या कसबातली सर्वांत मोलाची चाचणी हाती येते. मल्टिमीटर ओहमवर ठेवून तार तपासण्याची सवय सगळीकडे आहे, आणि तिचा भरवसा सगळ्यांत कमी आहे. समजा, बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या वाटेवर गंजलेल्या टर्मिनलमुळे ०.०१ ओहमचा अडथळा आहे. साध्या मीटरच्या स्वतःच्या लीडचाच रोध त्याच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे हा अडथळा मीटरला दिसणारच नाही. पण गेऑर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार दीडशे अँपिअर वाहताना तेवढाच अडथळा दीड व्होल्ट गिळतो. म्हणून जाणता कारागीर मीटर व्होल्टवर ठेवतो, एक टोक बॅटरीच्या खांबावर आणि दुसरे सेल्फच्या बोल्टवर लावतो आणि मग सेल्फ मारायला सांगतो. जो आकडा दिसेल, तेवढे व्होल्टेज वाटेत हरवले. मुख्य केबलवर अर्ध्या व्होल्टपर्यंत आणि अर्थिंगच्या बाजूला ०.२ च्या आसपास ठीक, त्यापुढे शोध सुरू. अर्थिंगची बाजू तपासायला अनेक जण विसरतात. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली पट्टी सैल किंवा गंजलेली असेल, तर प्रवाहाला परतीची वाट राहत नाही आणि दोष मात्र दिव्यांवर, सेन्सरवर, पंपावर, कशावरही ढकलला जातो. पेट्रोल पंपाच्या कपलरमध्ये ०.४ ओहमचा अडथळा आला आणि पंप पाच अँपिअर घेत असला, तर दोन व्होल्ट वाटेतच जातात आणि त्या पिनेत दहा वॅट उष्णता तयार होते. पिन तापते, प्लास्टिक मऊ होते, पकड सैल होते, अडथळा आणखी वाढतो. कपलर काढून मोजले तर मात्र पूर्ण बारा व्होल्ट मिळतात, कारण मीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही.

जुन्या गाड्यांना हे दोष इतके का नडत नव्हते? प्रीमियर पद्मिनीत पेट्रोल कार्ब्युरेटरकडे पाठवणारा पंप इंजिनाच्या फिरण्यावर चाले. विजेकडून इंजिनाला हवी असे ती फक्त ठिणगी. चार्जिंग बंद पडले तरी बॅटरीच्या जिवावर घर गाठता येई. आजच्या गाडीत पंप विजेचा, इंजेक्टर विजेचे, थ्रॉटलही विजेचा. व्होल्टेज घसरले की इंजेक्टर उशिरा उघडतो आणि ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, वेळ वाढवून ती तूट भरावी लागते. एक्सिलरेटर पेडलमधले दोन सेन्सर एकमेकांशी जुळेनासे झाले, तर ईसीयू सुरक्षिततेसाठी इंजिनाची ताकदच आवळतो. भार म्हणजे फक्त अँपिअर नव्हेत. उष्णता, ओल आणि हादरे हेही भारच. खराब होत चाललेल्या क्रँक सेन्सरची कॉइल तापल्यावर तुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते. म्हणूनच गाडी तापल्यावर बंद पडते आणि विसावल्यावर सुरू होते. कोकण-गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत पिनांवर हिरवट थर चढतो, आणि पहिल्या पावसात दोष जागा होतो. अशा वेळी सेन्सर हेअर ड्रायरने तापवणे, जोडांवर पाण्याचा फवारा मारणे, इंजिन चालू ठेवून वायरिंग हलवून पाहणे हे उपाय शास्त्रशुद्धच आहेत. ज्या परिस्थितीत दोष घडतो ती परिस्थितीच ते गॅरेजात उभी करतात.

हे तत्त्व फक्त रस्त्याकडेच्या गॅरेजापुरते आहे असे वाटत असेल, तर जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचे प्रकरण पाहावे. शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन आणि त्यांच्या भावंडांमध्ये हा स्विच ‘रन’ स्थितीत धरून ठेवणारी स्प्रिंग-यंत्रणा ठरवलेल्यापेक्षा कमकुवत होती. जड किल्ल्यांचा जुडगा, रस्त्यावरचा धक्का किंवा गुडघ्याचा स्पर्श एवढ्यानेही किल्ली मागे सरके, इंजिन बंद पडे, स्टिअरिंग जड होई आणि एअरबॅगही उघडेनात. कंपनीत वर्षानुवर्षे इंजिन बंद पडणे ही ग्राहकाची गैरसोय मानली गेली, सुरक्षेचा प्रश्न नव्हे. पुढे पार्टमध्ये सुधारणा झाली, पण पार्ट नंबर तोच ठेवला गेला, त्यामुळे जुन्या-नव्या गाड्यांतला फरक तपासणाऱ्यांच्या ध्यानात येईना. अखेर एका खटल्यातील तंत्रज्ञाने दोन काळांतले स्विच शेजारी ठेवून त्यांना लागणारे बळ मोजले, तेव्हा फरक समोर आला. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. भरपाई निधीने १२४ मृत्यू या दोषाशी जोडलेले मान्य केले. कमतरता उपकरणांची नव्हती. धक्का बसताना स्विच काय करतो, आणि तो सरकला की एअरबॅगचे काय होते, हे दोन प्रश्न एकत्र विचारले गेले नाहीत.

यावर पहिला आक्षेप येतो तो स्कॅनरचा. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलांपासून ओबीडी-२ ही दोष-निदानाची प्रमाणित पद्धत सक्तीची झाली, आपल्याकडेही ती रुळली. यंत्र लावले की कोड येतो, मग मीटरचा खटाटोप कशाला? स्कॅनर अत्यंत उपयोगाचा आहे, हे मान्यच आहे. विशेषतः गाडी चालू असताना थेट आकडे दाखवण्यात त्याला तोड नाही. पण कोड सर्किटचे नाव सांगतो, गुन्हेगाराचे नाही. पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड. सेन्सर, तार, कपलर, अर्थिंग की ईसीयू, हे त्यात नसते. पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी. ते का कमी, हा प्रश्न तसाच उरतो. शिवाय मुख्य अर्थिंग सैल असेल, तर एकाच वेळी डझनभर कोड उमटतात. कोड पाहून पार्ट बदलणारा स्कॅनर वाचतो, गाडी वाचत नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. निदानाला दोन तास लागतात, ग्राहक त्याचे पैसे देत नाही. पार्ट बदलला तर किमान बिल तरी करता येते. यात तथ्य आहे, आणि कित्येक कारागिरांच्या नाइलाजाचे ते खरे कारणही आहे. स्वस्त पार्टच्या बाबतीत बदलून पाहणे परवडतेही. रिले शेजारच्या रिलेशी अदलून बघणे ही चांगलीच चाचणी आहे. पण महागड्या पार्टचा अंदाज दोनदा चुकला, की ग्राहकाने न दिलेली निदानाची रक्कम केव्हाच वसूल झालेली असते, आणि दोष शाबूत असतो. त्यात ६०/५५ वॅटच्या जागी १०० वॅटचे बल्ब, मूळ वायरिंगमध्येच टोचलेला कॅमेरा, टेप गुंडाळून केलेले जोड यांची भर पडली, की कारखान्याने आखलेली तार जास्तीचा भार वाहू लागते.

तेव्हा गाडीमालकाने दोन गोष्टी कराव्यात. दोष केव्हा येतो ते लिहून ठेवावे: इंजिन गरम की थंड, पाऊस होता की ऊन, खड्ड्यात की चढावर, दिवे चालू की बंद. आणि गॅरेजात ‘बॅटरी बदला’ किंवा ‘सेन्सर टाका’ असे न सांगता ‘व्होल्टेज कुठे पडते ते भार देऊन मोजा, मोजणीचे पैसे देतो’ असे सांगावे. मोजणाऱ्याला मोबदला मिळाला, तरच मोजणारे हात टिकतील.