खारबंदिस्तीची राखण

तळगडाच्या परिसरातील डोंगरउतारांवरून वाहणारे ओढे मांदाडच्या खाडीस मिळतात, आणि ही खाडी पुढे राजपुरीच्या खाडीवाटे जंजिऱ्यापाशी अरबी समुद्रास भिडते. कुड्याची २६ लेणी याच खाडीच्या बाजूस कोरलेली आहेत. प्राचीन ग्रीक लेखकांनी उल्लेखिलेले मंदगोर बंदर ते हेच मांदाड, असे अनेक संशोधक मानतात. ज्या भरतीच्या बळावर एके काळी गलबते इतक्या आतवर येत, तीच भरती आज भातखाचरांच्या बांधाशी दिवसातून दोनदा येऊन उभी राहते. बांध शाबूत असेल तर आत भात पिकते. बांधास खांड पडली तर त्याच जमिनीचे खाजण होते.

खांड एका रात्रीत पडते, पण तिचे नुकसान एका हंगामात भरून येत नाही. खाऱ्या पाण्यातील सोडियममुळे चिकण मातीची घडण मोडते, माती चोपण होते आणि पाणी मुरेनासे होते. उन्हाळ्यात खालचे क्षार ओलाव्याबरोबर वर चढून पृष्ठभागावर पांढरा थर धरतात. पावसाच्या गोड्या पाण्याने हे क्षार धुऊन काढण्यास साधारणतः दोन-तीन पावसाळे जातात, तेही त्या अवधीत बांध पुन्हा फुटला नाही तर. ज्या कुटुंबाची सारी जमीन एकाच बंदिस्तीत आहे, त्याला इतके दिवस बाहेर मजुरीवर काढावे लागतात. सबब बंदिस्तीची राखण हे शेतीचेच काम समजले पाहिजे. ते शेतीनंतर उरलेल्या वेळात उरकण्याचे काम नव्हे.

खाडीकाठच्या बांधावर दोन पाण्यांचा मारा होतो. बाहेरून समुद्राची भरती येते आणि वरून डोंगरातील पूर येतो. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. पूर आणि उधाण एकाच वेळी आले म्हणजे पुराच्या पाण्यास समुद्राकडे वाट मिळत नाही, ते खाडीतच तुंबते आणि पाण्याची पातळी नेहमीच्या भरतीच्या खुणेवर चढते. सावित्रीकाठी महाड येथे २००५ आणि २०२१ या दोन्ही वर्षांच्या जुलैत पुराने काय केले, ते जिल्ह्यास ठाऊक आहे. शिवाय समुद्रही पूर्वीच्या पातळीवर राहिलेला नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत, वाढली आहे. आजोबांनी ठरविलेली बांधाची उंची आज तितकीच पुरेशी आहे, असे गृहीत धरून चालणार नाही.

बांध कसा फुटतो?

मोठी लाट आली आणि बांध वाहून गेला, असे बहुधा सांगितले जाते. प्रत्यक्षात लाटेआधी कित्येक दिवस बांध आतून पोखरला गेलेला असतो. खेकडे बाहेरच्या बाजूने बिळे करतात, घुशी व उंदीर आतल्या बाजूने. दोन्ही बिळे एकमेकांस मिळाली की पाण्यास बोगदा मिळतो. पाणी प्रथम झिरपते, मग मातीचे कण घेऊन वाहू लागते आणि बोगदा क्षणोक्षणी रुंदावतो. आतल्या पायथ्याशी पाझर दिसला तर तो ओंजळीत घेऊन पाहावा. पाणी निवळ असेल तर लक्ष ठेवणे पुरते; गढूळ असेल तर बांधाची माती वाहत आहे असे समजून तत्काळ माणसे जमवावीत.

येथे एक चूक हटकून होते. पाणी जेथून बाहेर पडते ते तोंड आतल्या बाजूने माती ठोकून बंद केले जाते. त्यामुळे आतला दाब वाढून पाणी शेजारीच दुसरे तोंड फोडते. खरा उपाय बाहेरच्या बाजूस आहे. ओहोटीच्या वेळी बिळाचे बाहेरचे तोंड शोधून तेथे चिकण माती चेपून भरावी. तोवर आतल्या पाझराभोवती मातीच्या पोत्यांचे कडे रचावे. कड्यात पाणी साठून वर चढले की बाहेरच्या आणि आतल्या पातळीतील फरक कमी होतो व प्रवाहाचा जोर मोडतो. घाईच्या वेळी पेंढा व चिखल कोंबणे क्षम्य आहे, पण पेंढा कुजून तेथे पुन्हा पोकळी होते; म्हणून उन्हाळ्यात ती जागा खणून, ओल्या चिकण मातीचे पातळ थर देत व धुमसाने ठोकत पुन्हा भरली पाहिजे.

दुसरे ठिकाण उघाडीचे. मातीचा बांध आणि उघाडीचे दगडी किंवा काँक्रीटचे बांधकाम यांचा सांधा कधीच पूर्ण एकजीव होत नाही. माती वाळून आक्रसते, काँक्रीट आक्रसत नाही, आणि मधल्या फटीतून पाणी शिरते. उघाडीच्या झडपेची रचना मात्र मोठी सोयीची आहे. भरतीचे पाणी बाहेरून रेटते तेव्हा ती आपोआप मिटते, ओहोटीस आतील पावसाचे पाणी रेटते तेव्हा ती उघडते. एखादे ओंडके किंवा प्लास्टिकचा बोळा तीत अडकला तर हे सारे व्यर्थ. मासळी आत यावी म्हणून झडपेत मुद्दाम पाचर मारून ठेवण्याची खोडही कोठे कोठे आढळते. चार टोपल्या मासळीसाठी साऱ्या बंदिस्तीचे भात पणास लावण्याचा हा व्यवहार आहे, व तो गावानेच बंद पाडला पाहिजे. गोव्यातील खाजणांत अशा दारांना मानस म्हणतात. तेथे मासेमारीचा हक्क लिलावाने दिला जातो, त्यामुळे दार कोणाच्या हाती आहे हे सर्वांस ठाऊक असते.

तिसरा प्रकार बांधावरून पाणी ओसंडण्याचा. बाहेरच्या उतारास दगडी अस्तर असते, आतला उतार मात्र उभा आणि उघडा राहतो. नेदरलँड्स देशात १ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री वादळी भरतीने समुद्रबांध फुटले व १,८३६ माणसे दगावली. त्यातील पुष्कळ बांध वरून ओसंडलेल्या पाण्याने आतला उभा उतार धुऊन गेल्यामुळे फुटले होते. म्हणून आतला उतार किमान दोनास एक, बाहेरचा तीनास एक आणि दोन्ही गवताने झाकलेले असावेत. ओसंडणारे पाणी सर्वांत सखल जागा शोधते. ती जागा बहुधा गुरांची वाट किंवा पायवाटेचा खळगा असते. गवंड्याजवळील पारदर्शक पाण्याच्या नळीने कृषी सहायकास एका दिवसात बांधाच्या माथ्याची पातळी तपासता येईल. डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नये; वीतभर खळगा डोळ्यास दिसत नाही.

जेथे खाडी वळण घेते तेथे वळणाच्या बाहेरच्या काठाचा पायथा प्रवाहाने खरवडला जातो. वर कितीही माती टाकली तरी पायथा सुटला की बांध बसतो. तेथे दगड प्रथम पायथ्याशी द्यावा, मग उतारावर. दुरुस्तीची माती पायथ्यालगत खणून काढणे म्हणजे एका हाताने बांधणे व दुसऱ्याने पाडणे होय. बांधावर मोठी झाडे लावू नयेत, कारण त्यांची मुळे कुजल्यावर नळ्यांसारख्या पोकळ्या राहतात. बांधाबाहेरील तिवरांची व चिप्पीची दाटी मात्र लाटेचा जोर मोडते आणि गाळ धरते. कांदळवनास कायद्याचे संरक्षण आहे. दुरुस्तीसाठी त्याला हात लावणे अटळ असेल तर आधी रीतसर परवानगी घ्यावी.

पहारा केव्हा ठेवावा?

सर्वांत मोठे उधाण नेमके अमावास्येस किंवा पौर्णिमेस येत नाही, त्यानंतर एक-दोन दिवसांनी येते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, ती उथळ. पूर्ण भरतीची वेळ काढण्याचा कोकणातील जुना हिशेब आजही उपयोगी पडतो. तिथीस तीनाने गुणून चाराने भागावे; येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीचा सुमारे तास. चतुर्थीस तो तीन येतो, द्वितीयेस दीड. खाडीत आत जावे तसा थोडा उशीर धरावा. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. उधाणाची भरती दुपारी दीड-दोनच्या आणि रात्री दीड-दोनच्या सुमारास बांधाशी येते. दुपारी सर्वजण लक्ष ठेवतात; बांध रात्री जातो. आषाढ-श्रावणातील अमावास्या व पौर्णिमा यांनंतरच्या तीन रात्री कंदील किंवा विजेरी घेऊन दोघांनी बांधावर फिरावे. एकट्याने जाऊ नये.

हा पहारा कोणी द्यावयाचा, हा जुना प्रश्न आहे. कुलाबा जिल्ह्यात शिलोत्री जमिनींच्या शेतकऱ्यांकडून बाहेरच्या बांधाच्या दुरुस्तीसाठी ठरावीक भात घेतले जाई. पेण-अलिबागच्या खारेपाटात जोळ नावाची पद्धत होती. तीत बंदिस्तीतील शेतकरी एकत्र येऊन बांध राखीत. पुढे १९४८ चा मुंबई खारजमीन कायदा आणि १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा झाला, आणि मोठ्या बांधांचे काम शासनाकडे आले. काँक्रीटची उघाडी आणि दगडी अस्तर गावाच्या कुवतीबाहेरचे होते, म्हणून हे योग्यच झाले. परंतु त्याबरोबर बांधावरील रोजची नजरही सुटली, हा मोठा तोटा होय. खेकड्याचे बीळ अर्जाची वाट पाहत नाही. नेदरलँड्समध्ये शासनाची सर्व साधने असूनही पुराच्या वेळी गावोगावचे स्वयंसेवक बांधावर पाहणीस उतरतात.

मांदाड, कुडे व खाडीकाठच्या इतर गावांत प्रत्येक बंदिस्तीच्या शेतकऱ्यांनी वैशाखात एक बैठक घ्यावी आणि बांधाचे तुकडे जमिनीच्या प्रमाणात वाटून घ्यावेत. प्रत्येक तुकड्यास खुणेचा दगड व एक जबाबदार कुटुंब असावे. उन्हाने पडलेल्या भेगा वळवापूर्वी भरून घ्याव्यात. गढूळ पाझर, खचलेला उतार किंवा मोडकी झडप दिसताच ग्रामपंचायतीमार्फत पेण येथील खारभूमी विभागास तारीख व जागेच्या खुणेसह लेखी कळवावे व एक प्रत जवळ ठेवावी. खाऱ्या पाण्याने जमीन बाधली असेलच तर पहिल्या पावसाचे पाणी खाचरात कोंडून, चिखलणी करून ओहोटीस उघाडीवाटे सोडून द्यावे. असे दोन-तीनदा केल्यावर पनवेल-१, पनवेल-२ किंवा पनवेल-३ यांसारखी क्षार सोसणारी जात लावावी.

मृगापूर्वी उघाडीजवळ उंच जागी ५०-६० रिकामी पोती, चिकण मातीचा ढीग, दोन पहारी, फावडी, घमेली आणि दोर ठेवावा. मातीचा ढीग ताडपत्रीने झाकावा. भिजून चिखल झालेली माती रात्री पोत्यात भरता येत नाही.