गाण्यांच्या राज्यातील गद्य नट

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याचे नाव निघाले की शहरी वाचकाला प्रथम राळेगणसिद्धी आठवते. पाणी अडविणाऱ्या या गावाने जिल्ह्याला देशभर ओळख दिली. त्याच जिल्ह्यातील शेवगावने मराठी रंगभूमीला एक अव्वल नट दिला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. गणेश गोविंद तथा गणपतराव बोडस यांचा जन्म १८८० मध्ये शेवगाव येथे झाला.

बोडसांचे मोठेपण कळण्यासाठी त्या काळचे संगीत नाटक डोळ्यांसमोर आणावे लागते. प्रेक्षक प्रामुख्याने गाणे ऐकायला येत. पदाला ‘वन्समोअर’ मिळाला की ते पुन्हा आळवले जाई आणि कथानक तेवढा वेळ जागीच थांबे. रंगलेल्या मैफलीतून प्रेक्षकाला पुन्हा नाटकात आणण्याचे काम संवाद बोलणाऱ्या नटाचे. तेही ध्वनिवर्धकाच्या मदतीवाचून. गायक म्हणून बोडसांचा लौकिक नव्हता. त्यांचे भांडवल शब्दफेकीचे आणि स्वभावचित्रणाचे होते. नाटककार गोविंद बल्लाळ देवल हे तितकेच नाणावलेले तालीममास्तर. किर्लोस्कर नाटक मंडळीत बोडस घडले ते त्यांच्याच शिस्तीत.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ १९११ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातील भित्रा, दागिन्यांनी मढलेला लक्ष्मीधर बोडसांनी गाजविला. नायक-नायिकेची पदे ऐकण्यासाठी आलेला प्रेक्षक लक्ष्मीधराची फजिती पाहून हसत घरी जाई. पुढे १९१३ मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि बोडस यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. दोन गाणारे आणि एक न गाणारा अशी ही भागीदारी!

या मंडळीत तीन वर्षांच्या अंतराने बोडसांच्या वाट्याला दोन नवरे आले. पहिला ‘संशयकल्लोळ’मधील फाल्गुनराव. देवलांनी मूळ गद्य नाटकाला संगीताचा साज चढविला. पण प्रयोग पाहण्याआधीच, जून १९१६ मध्ये ते निवर्तले. नाटक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रंगभूमीवर आले. बायकोच्या हाती परपुरुषाची तसबीर पाहून चवताळणारा फाल्गुनराव स्वतः मात्र पुरता गंभीर असतो. तो विनोद करू लागला की प्रसंग पडतो. भूमिकेची खरी अवघड जागा हीच, आणि गुरूच्या पश्चात बोडसांनी ती अशी सांभाळली की फाल्गुनराव आणि बोडस ही नावे एकत्रच घेतली जाऊ लागली.

दुसरा नवरा ‘एकच प्याला’तील सुधाकर. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे वारले. महिनाही उलटला नव्हता, तोच २० फेब्रुवारीला बडोद्यात पहिला प्रयोग झाला. पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांची, सिंधू बालगंधर्वांची आणि सुधाकर बोडसांचा. वकिलीची सनद काही काळासाठी रद्द झाल्याने दुखावलेला मानी माणूस पहिला पेला घेतो आणि अंकागणिक खचत जातो. सिंधूजवळ दुःख सांगायला सूर होते. सुधाकराची भिस्त गडकऱ्यांच्या पल्लेदार गद्यावर. त्यात काल लक्ष्मीधर, फाल्गुनराव पाहून हसलेला प्रेक्षक समोर बसलेला! तेथे चुकून एक हशा आला असता तरी शोकांतिका कोसळली असती. हास्यासाठी ओळखला जाणारा नट ही भूमिका पेलू शकला, हे बोडसांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठे यश मानले पाहिजे.

कालांतराने टेंबे आणि बोडस दोघेही मंडळीतून बाहेर पडले. मालकी एकट्या बालगंधर्वांकडे राहिली आणि पुढे कर्जाचा डोंगरही.

संगीत नाटक अकादमीने १९५५ मध्ये बालगंधर्वांचा आणि लगेच १९५६ मध्ये बोडसांचा गौरव केला. १९६५ मध्ये बोडसांचे निधन झाले. बालगंधर्वांचा स्वर ध्वनिमुद्रिकांतून आजही ऐकू येतो. बोडसांचा फाल्गुनराव कसा बोलत असे, हे ऐकण्याची तशी सोय नाही. त्यांना भेटायचे तर ‘माझी भूमिका’ हे त्यांचे आत्मचरित्र ग्रंथालयातून मिळवावे लागते.