पहिला नंबर, पण कप दुसऱ्याचा

१४ ऑक्टोबर २०२३. पॅरिस. रग्बी विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी. आयर्लंडची टीम मैदानात उतरली तेव्हा ती जागतिक रँकिंगमध्ये एक नंबरला होती आणि सलग १७ मॅच जिंकून आली होती. त्या रात्री न्यूझीलंडनं तिला २८-२४ असं हरवलं आणि आयर्लंडनं घरचा रस्ता धरला. कॅप्टन जॉनी सेक्स्टन तेव्हा ३८ वर्षांचा होता. त्याची ती शेवटची मॅच ठरली. दुसऱ्याच दिवशी यजमान फ्रान्स, तोही आपल्याच राजधानीत, दक्षिण आफ्रिकेकडून एका गुणानं हरला.

मग जे व्हायचं तेच झालं. 'कसलं डोंबलाचं रँकिंग!' असा सूर लागला. तो लागायला कारणही होतं. २०१९मध्ये जपानला झालेल्या विश्वचषकात आयर्लंड असाच एक नंबर मिरवत गेला होता. साखळीत जपाननं त्याला हरवलं आणि उपांत्यपूर्व फेरीत न्यूझीलंडनं ४६-१४ असं धुतलं. २००७मध्ये एक नंबरवर न्यूझीलंड होता. त्याचीही गाडी उपांत्यपूर्व फेरीतच फ्रान्सनं अडवली.

तरीही तुम्हाला सांगायचंय ते उलटंच आहे. रग्बीचं रँकिंग हे मॅचचा अंदाज बांधायला बऱ्यापैकी चांगलं हत्यार आहे. फक्त आपण त्याला भलताच प्रश्न विचारतो. 'ही मॅच कोण जिंकेल?' असं विचारायचं सोडून 'कप कोण नेणार?' असं विचारतो. हे दोन प्रश्न किती वेगळे आहेत, ते समजायला दहावीपर्यंतचं गणित पुरतं.

सुरुवातीलाच एक खुलासा. २०२५च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली. ती तुम्ही पाहिली असेल, तर तिथे एका बाजूला सात खेळाडू होते. आपण ज्या रँकिंगबद्दल बोलतोय ते १५ जणांच्या रग्बीचं. खेळाचं नाव एक, पण हिशेब वेगळा.

नंबर नको, गुण बघा

वर्ल्ड रग्बीची ही पद्धत २००३च्या विश्वचषकाच्या तोंडावर सुरू झाली. प्रत्येक देशाच्या खात्यावर गुण असतात, साधारण शून्य ते १०० या पट्टीवर. बातमीत येतो तो फक्त क्रमांक. खरी माहिती असते ती गुणांत.

२०२३चा विश्वचषक सुरू होताना आयर्लंड ९१.८२ वर होता, दक्षिण आफ्रिका ९१.०८ वर, फ्रान्स ८९.२२ वर आणि न्यूझीलंड ८९.०६ वर. पाचवा स्कॉटलंड ८४.०१ वर. म्हणजे चौथ्या आणि पाचव्यात पाच गुणांची दरी. आता खाली या. सातवा फिजी ८०.२८ आणि आठवा इंग्लंड ७९.९५. इथे फरक फक्त ०.३३. दोन्हीकडे पायरी एकच, पण एक पायरी जिन्याची आणि दुसरी उंबरठ्याची. 'सातवा विरुद्ध आठवा' आणि 'चौथा विरुद्ध पाचवा' या मॅचेस कागदावर सारख्या वाटतात, प्रत्यक्षात मुळीच सारख्या नसतात.

आता गुण बदलतात कसे ते बघू. २०१५ आणि २०२३ या दोन्ही विश्वचषकांत लागू असलेला नियम सांगतो. मॅच झाली की एकाचे गुण कमी होतात आणि तेवढेच दुसऱ्याला मिळतात. थोडक्यात, देवाणघेवाण. किती गुणांची, हे मॅचच्या आधी दोघांत किती फरक होता त्यावर ठरतं. घरच्या मैदानावर खेळणाऱ्या टीमचे गुण हिशेबापुरते तीननं वाढवायचे. मग फरक काढायचा, तो दहापेक्षा जास्त असेल तर दहाच धरायचा आणि त्याला दहानं भागायचं. वरचढ टीम जिंकली तर तिला एकमधून हा भागाकार वजा करून उरेल तेवढं मिळतं. दुबळी जिंकली तर तिला एक अधिक तो भागाकार. १५ पेक्षा जास्त गुणांनी विजय असेल तर दीडपट, विश्वचषकाची मॅच असेल तर दुप्पट.

आता यातली गंमत. या सूत्रात अंदाज आधीच दडलेला आहे. हा सौदा दोन्ही बाजूंना न्याय्य व्हायचा असेल, म्हणजे सरासरी काढली तर कुणाचंच नुकसान व्हायला नको असेल, तर वरचढ टीमची जिंकण्याची शक्यता किती असायला हवी? समीकरण मांडा, दोन ओळींत उत्तर येतं: त्या भागाकारात एक मिळवा आणि दोननं भागा. फरक शून्य असेल तर ५० टक्के, म्हणजे नाणेफेक. फरक पाच असेल तर ७५ टक्के. दीडपटीचा नियम मध्ये आला की हे थोडं हलतं, पण अंदाजाला एवढं बस्स.

करून बघू. ८ सप्टेंबर २०२३, विश्वचषकाची पहिली मॅच, फ्रान्स विरुद्ध न्यूझीलंड, मैदान फ्रान्सचं. ८९.२२ मध्ये तीन मिळवले, ९२.२२. न्यूझीलंड ८९.०६. फरक ३.१६, भागाकार ०.३१६, म्हणजे फ्रान्सला ६६ टक्के संधी. फ्रान्स २७-१३ असा जिंकला. फरक १४ गुणांचा, त्यामुळे दीडपट नाही. एकमधून ०.३१६ गेले, उरले ०.६८४, विश्वचषक म्हणून दुप्पट, म्हणजे १.३७. फ्रान्स गेला ९०.५९ वर, न्यूझीलंड आला ८७.६९ वर. घरबसल्या, कॅल्क्युलेटरवर.

यात घरच्या मैदानाची किंमत बघा. ते तीन गुण नसते तर ही मॅच जवळजवळ ५०-५० होती. पाहुणी टीम तुमच्यापेक्षा तीन गुणांनी सरस असेल, तरी तुमच्या अंगणात ती तुमच्या बरोबरीची.

रग्बीत हे असं जमतं, कारण एका मॅचमध्ये गुण बरेच होतात. ट्रायचे पाच, त्यानंतरच्या किकचे दोन, पेनल्टीचे तीन. ८० मिनिटांत गुण मिळवण्याच्या इतक्या संधी येतात, की एखादा चुकून मिळालेला फायदा बहुतेक वेळा पुसला जातो. फुटबॉलमध्ये एक फसवा गोल अख्खी मॅच खाऊन टाकतो.

शंभर टक्के? नको!

आता या सूत्राची दुखरी बाजू. फरक दहा किंवा त्याहून जास्त झाला की सूत्र म्हणतं, वरचढ टीम १०० टक्के जिंकणार. त्यामुळे ती जिंकली तर तिला शून्य गुण. २०२३मध्ये फ्रान्सनं नामिबियाला ९६-० असं लोळवलं आणि रँकिंगमध्ये त्याचे मिळाले शून्य. बरोबरच आहे, त्यातून नवीन काही कळलंच नाही.

पण १९ सप्टेंबर २०१५ला ब्रायटनमध्ये काय झालं? एकीकडे दोनदा जगज्जेता झालेला दक्षिण आफ्रिका. दुसरीकडे जपान, ज्याला २० वर्षांपूर्वीच्या विश्वचषकात न्यूझीलंडनं १४५-१७ असं तुडवलं होतं. फरक दहापेक्षा जास्त. सूत्राच्या लेखी मॅच खेळायचीही गरज नव्हती. शेवटच्या क्षणी जपान २९-३२ असा मागे होता आणि त्याला पेनल्टी मिळाली. किक मारली असती तर बरोबरी, आणि ती बरोबरीही ऐतिहासिकच ठरली असती. कॅप्टन मायकेल लीचनं स्क्रम मागितला. थोड्या वेळात कार्न हेस्केथ डाव्या कोपऱ्यात ट्राय करून मोकळा झाला. ३४-३२. बरोबरीचे दोन रँकिंग गुण मिळाले असते, विजयाचे चार मिळाले. अर्थात लीचच्या डोक्यात तेव्हा रँकिंग नक्कीच नव्हतं.

बुद्धिबळातलं एलो रेटिंग तुम्हाला माहीत असेल. कल्पना तीच, पण तिथे सरळ रेषेऐवजी वक्ररेषा आहे. ४०० गुणांनी पुढे असलेल्या खेळाडूची अपेक्षा साधारण ९१ टक्के, आणि फरक कितीही वाढवा, आकडा १००च्या जवळ जातो पण त्याला टेकत नाही. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं. म्हणून तुम्ही रग्बीचा अंदाज बांधाल तेव्हा ९५च्या वर जाऊ नका.

आणि गुणांना न दिसणाऱ्या गोष्टी स्वतः बघा. नामिबियाच्या त्या मॅचमध्ये फ्रान्सचा कॅप्टन आंत्वान द्युपाँच्या गालाचं हाड मोडलं. ९६-०च्या आनंदात अख्ख्या फ्रान्सचा जीव टांगणीला. रँकिंगचा आकडा मात्र जागचा हलला नाही. २०१५चा जपान घ्या. ब्रायटनच्या पराक्रमानंतर अवघ्या चार दिवसांनी त्याला स्कॉटलंडशी खेळावं लागलं आणि १०-४५ असा मार बसला. स्कॉटलंडची ती पहिलीच मॅच होती, पाय ताजे होते. विश्रांतीचे दिवस कुठल्याच सूत्रात नाहीत. आणि लाल कार्ड? २०२३च्या फायनलमध्ये न्यूझीलंडचा कॅप्टन सॅम केन पहिल्या हाफमध्येच बाहेर गेला. उरलेली मॅच १४ जण खेळले आणि ११-१२ अशी हरले.

आपले अंदाज चांगले की वाईट, हे कसं ठरवायचं? 'बघ, मी म्हणालो होतो' हा काही पुरावा नाही. १९५०मध्ये ग्लेन ब्रायर नावाच्या हवामानतज्ज्ञानं एक सोपी मोजपट्टी दिली. तुम्ही दिलेली शक्यता आणि घडलेला निकाल (जिंकले तर १, हरले तर ०) यांतला फरक काढा आणि त्याचा वर्ग करा. ६६ टक्के सांगितलं आणि टीम जिंकली, तर ०.३४चा वर्ग, साधारण ०.१२. आकडा जितका लहान तितकं चांगलं. प्रत्येक मॅचला आंधळेपणानं ५० टक्के म्हणणाऱ्याचा स्कोअर येतो ०.२५. त्याच्या पुढे जाता आलं तर तुमच्या अंदाजात दम आहे. ब्रायटनला १०० टक्के म्हणणाऱ्याला मिळाला पूर्ण १, म्हणजे होऊ शकेल तेवढा वाईट. हे सगळं वहीत नाहीतर एक्सेलमध्ये करा. पैसे लावायला नाही, हे वेगळं सांगायला नको.

तीन मॅचेस, एक कप

आता पुन्हा आयर्लंडकडे. समजा, एखादी टीम इतकी भारी आहे की बाद फेरीतल्या प्रत्येक मॅचला तिची संधी ७० टक्के. २०२३मध्ये कप जिंकायला बाद फेरीच्या तीन मॅच ओळीनं जिंकायच्या होत्या. ०.७ गुणिले ०.७ गुणिले ०.७. उत्तर ०.३४. म्हणजे एवढी भारी टीमसुद्धा तीनपैकी दोन वेळा कपाविना घरी येणार! हे रँकिंगचं अपयश नव्हे, हा साधा गुणाकार आहे. २००३ ते २०२३ या सहा विश्वचषकांत एक नंबरनं आलेली टीम तीनदा जिंकली: २००३ला इंग्लंड, २०११ आणि २०१५ला न्यूझीलंड. आपल्या ३४ टक्क्यांच्या मानानं हे बरंच झालं म्हणायचं. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा तिला १५वं मानांकन होतं. बाद पद्धतीच्या स्पर्धेत असं घडायला वाव असतोच.

पण २०२३मध्ये आयर्लंडच्या वाट्याला जे आलं त्यात निव्वळ गुणाकार नव्हता, अन्यायही होता. आणि तो रँकिंग चुकीच्या पद्धतीनं वापरल्यामुळे झाला. या विश्वचषकाचे गट पाडले गेले १४ डिसेंबर २०२०ला. कोविडमुळे मॅचेस विस्कळीत झालेल्या, म्हणून आधार धरला १ जानेवारी २०२०च्या रँकिंगचा. म्हणजे स्पर्धेच्या पावणेचार वर्षं आधीचा! तेव्हा वेल्स पहिल्या चारांत होता, आयर्लंड आणि फ्रान्स दुसऱ्या टोपलीत, स्कॉटलंड तिसऱ्या. प्रत्यक्ष स्पर्धा आली तेव्हा पहिल्या पाच नंबरच्या टीम ड्रॉच्या एकाच अर्ध्या भागात कोंबल्या गेल्या होत्या. त्यांतल्या तीन तर एकाच गटात: आयर्लंड, दक्षिण आफ्रिका, स्कॉटलंड. दुसऱ्या अर्ध्या भागातून आठव्या नंबरचा इंग्लंड फिजीला ३०-२४ असं हरवून सेमीफायनलला पोचला आणि शेवटी तिसरा आला. उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पहिल्या पाचांतलं कुणीही त्याच्या वाटेत आलं नव्हतं. दरम्यान आयर्लंड आणि फ्रान्स, पहिला आणि तिसरा नंबर, आपापल्या घरी टीव्हीसमोर.

रँकिंग आजची ताकद सांगतं. पावणेचार वर्षांत टीममधली निम्मी माणसं बदलतात, कोच बदलतात. गेल्या महिन्याच्या दुधावर आजचा चहा करायला गेलं तर तो नासणारच.

ही चूक बहुधा आयोजकांच्याही लक्षात आली. ऑस्ट्रेलियात होणाऱ्या २०२७च्या विश्वचषकाचा ड्रॉ २०२५च्या डिसेंबरमध्ये काढला, त्या नोव्हेंबरातल्या मॅचेस झाल्यावर. म्हणजे रँकिंग बऱ्यापैकी ताजं. पण एक वाढीव गोष्ट आहे. या वेळी २० ऐवजी २४ टीम असणार आणि उपांत्यपूर्व फेरीच्या आधी १६ जणांची आणखी एक बाद फेरी. आपल्या त्या ७० टक्केवाल्या टीमला आता ओळीनं चार मॅच जिंकाव्या लागणार. ०.३४ ला आणखी एकदा ०.७ नं गुणा. येतात २४ टक्के, चारातून एकदासुद्धा नाही.