गिटहबवर कोड टाकता? मग सीक्रेट स्कॅनिंग आजच सुरू करा

टोयोटाच्या टी-कनेक्ट सेवेच्या सोर्स कोडचा काही भाग डिसेंबर 2017 पासून सप्टेंबर 2022 पर्यंत गिटहबवर सर्वांसाठी खुला होता. त्यातच डेटा सर्व्हरची ॲक्सेस की होती! जवळपास 2 लाख 96 हजार ग्राहकांचे ईमेल पत्ते उघडे पडले असण्याची शक्यता कंपनीला जाहीर करावी लागली. सुमारे पाच वर्षं कोणाच्या लक्षातच आलं नाही, हे मला सर्वांत भयंकर वाटतं.

यावर उपाय आहे, आणि पब्लिक रिपॉझिटरीसाठी तो 2023 पासून फुकट आहे. रिपॉझिटरीच्या सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीच्या भागात जा, सीक्रेट स्कॅनिंग चालू आहे का पाहा. ते अशा की शोधण्यासाठी जुन्या कमिट्ससकट सगळा इतिहास तपासतं. अनेक कंपन्यांच्या कीची ठरावीक ठेवण असते, त्यावरून ती ओळखली जाते. शेजारचं पुश प्रोटेक्शनही चालू ठेवा. ते तर की वर जाण्याआधीच पुश अडवतं, म्हणून मला जास्त मोलाचं वाटतं. मात्र साधा, मनाने ठरवलेला पासवर्ड या जाळ्यातून सहज निसटू शकतो. प्रायव्हेट रिपॉझिटरीसाठी पैसे मोजावे लागतात. तिथे गिटलीक्स हे मोफत साधन वापरा.

की सापडल्याचा अलर्ट आल्यावर अनेकजण ती ओळ खोडून नवी कमिट करतात. त्याने काहीही साधत नाही, जुन्या कमिटमध्ये की तशीच राहते. आधी ती की रद्द करा, नवी काढा. बाकीची साफसफाई नंतर.