आपल्या वायफायवर कोण कोण?

आज बोलायचं आहे वायफायबद्दल. म्हणाल, गटाच्या कार्यक्रमात हा विषय कुठून आला? तर या वायफायपायी आमचा एक गट फुटता फुटता राहिला.

झालं असं. गटाची बैठक अध्यक्षताईंच्या पडवीत होते. लोकोसवर माहिती भरायची, बँकेचं बघायचं, म्हणून त्यांच्या घरी वायफाय घेतलं. महिन्याचे पैसे अर्धे घरचे, अर्धे गटाचे. चार महिने बरं चाललं. मग नेट अडकायला लागलं. माहिती भरताना चक्र नुसतं फिरत राहायचं. कुणीतरी म्हणालं, "शेजारचा पोरगा दिवसभर ओट्यावर मोबाईल घेऊन बसतो, तोच आपलं नेट ओढतो." दुसरीनं मान डोलावली. त्या पोराची आई आपल्याच गटात, ती तिथंच बसलेली. काही न बोलता उठून गेली आणि पुढच्या बैठकीला आली नाही.

तेव्हा आम्ही ठरवलं, आधी मोजायचं, मग बोलायचं. गटात पैसे कमी भरले तर आपण कुणावर आळ घेत नाही, आधी वही काढतो. वायफायचीही एक वही असते. ती राऊटरमध्ये असते. राऊटर म्हणजे दिवे लुकलुकणारा तो डबा. त्याला कोण कोण जोडलंय याची यादी तो स्वतःच ठेवतो. ती कशी वाचायची, ते आता सांगतो.

पहिलं काम कागदावर करायचं. घरात वायफाय लागणाऱ्या वस्तू लिहून काढायच्या. मोबाईल तर आलेच, पण टीव्ही, कॅमेरा, मुलाचा लॅपटॉप, खणात पडलेला जुना फोन, हेही लिहायचं. आम्ही मोजले तेव्हा सहा भरले.

दुसरं काम, राऊटरची यादी उघडायची. काही कंपन्यांचं स्वतःचं अ‍ॅप असतं, त्यात यादी सरळ दिसते. अ‍ॅप नसेल तर मोबाईल त्याच वायफायला जोडायचा, सेटिंगमध्ये वायफायच्या नावावर दाबायचं. तिथं 'गेटवे' किंवा 'राऊटर' असं लिहून पुढे एक आकडा दिसतो. बऱ्याच ठिकाणी तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. तो आकडा, इंग्रजी अंकांत, ब्राऊझरच्या वरच्या पट्टीत लिहायचा. मग नाव आणि पासवर्ड मागतो. हा वायफायचा पासवर्ड नव्हे, राऊटरचा वेगळा असतो. बहुतेक वेळा तो डब्याच्या खाली चिकटवलेल्या कागदावर असतो. नसेल तर नेट बसवणाऱ्याला विचारा. आत गेल्यावर 'कनेक्टेड डिव्हाइसेस', 'क्लायंट लिस्ट' किंवा 'डीएचसीपी' असं काहीतरी शोधायचं. तीच आपली वही.

आमच्या यादीत नऊ नावं निघाली. सहा मोजलेली, तीन जास्तीची. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पण थांबा, यादी वाचायलाही शिकावं लागतं.

यादीत प्रत्येक वस्तूपुढे एक लांब नंबर असतो. त्याला मॅक अ‍ॅड्रेस म्हणतात. आपल्या गाईम्हशीच्या कानात पिवळा बिल्ला असतो ना, बारा अंकांचा? तसाच हा बारा अक्षरांचा बिल्ला, दोन-दोनच्या सहा जोड्यांत लिहिलेला. गाडीच्या पाटीवरून जिल्हा कळतो, तशी पहिल्या तीन जोड्यांवरून बनवणारी कंपनी कळते. मात्र नवे मोबाईल, म्हणजे अँड्रॉइड १० आणि पुढचे, खरा बिल्ला दाखवत नाहीत. माहेरी एक नाव, सासरी दुसरं, तसं ते प्रत्येक वायफायला वेगळा नंबर सांगतात. ओळखायची खूण अशी, की पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असतं. असा नंबर दिसला म्हणजे चोर आहे असं नाही, कुणाचा तरी नवा फोन आहे एवढंच. आपल्या फोनचा नंबर पडताळायचा तर वायफायच्या नावावर दाबून तिथला बघा. 'फोनबद्दल' या पानावरचा वेगळा असू शकतो.

आणखी एक. काही राऊटर आधी जोडून गेलेल्यांची नावंही काही वेळ यादीत ठेवतात. म्हणून नाव दिसलं म्हणजे तो आत्ता नेट वापरतोय असं धरू नका.

तिसरं काम सगळ्यात सोपं. एकेका वस्तूचं वायफाय बंद करायचं, यादीचं पान पुन्हा उघडायचं आणि कोणतं नाव गेलं ते बघायचं. जे गेलं त्यापुढे वहीत खूण. आमचं एक जास्तीचं नाव निघालं अध्यक्षताईंच्या टीव्हीचं. तो आम्ही मोजलाच नव्हता. दुसरं निघालं खणातल्या जुन्या फोनचं. नातू त्यावर व्हिडिओ बघायचा आणि फोन तसाच चालू ठेवून द्यायचा.

तिसरं नाव मात्र कशानेच जाईना. तेव्हा आम्ही वायफायचा पासवर्ड बदलला. पासवर्ड बदलला की सगळेच तुटतात. मग आपल्या वस्तू नव्यानं जोडायच्या, बाकीचे बाहेरच राहतात. दोन दिवसांनी समोरच्या घरातली सून विचारत आली, "ताई, नेट बंद आहे का?" तिची सासू गटाची पूर्वीची सचिव. कामासाठी तिला पासवर्ड दिला होता, तिच्या फोनवरचा चौकोनी कोड सुनेनं स्कॅन केला. चोरी कुणीच केली नव्हती. विचारून कुणी घेतलं नाही, एवढंच. आणि ओट्यावरचा पोरगा? तो स्वतःच्या रिचार्जवर अभ्यासाचे व्हिडिओ बघत होता. यादीत तो कुठेच नव्हता.

मैत्रिणींनो, यादी बघायची ती केवळ नेट जलद चालावं म्हणून नाही. कनेक्शन ज्यांच्या नावावर, त्या नेटवरून कुणी काही गैर केलं तर विचारणा आधी त्यांच्याच दारात येते. म्हणून एवढं करा. पासवर्ड मोबाईल नंबर किंवा गावाचं नाव ठेवू नका, निदान बारा अक्षरांचा ठेवा. राऊटरचा आतला पासवर्डही बदला, नाहीतर डब्याखालचा कागद वाचून कुणीही आत शिरेल. सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडलेलं आहे का बघा. पाहुण्यांसाठी 'गेस्ट' नावाची वेगळी सोय असेल तर ती चालू करा, म्हणजे घरचा पासवर्ड हातोहात फिरत नाही. आणि महिन्याच्या बैठकीत हिशेबाबरोबर ही यादीही एकदा वाचा. पाच मिनिटांचं काम आहे.

नेट आता नीट चालतं. आम्ही सगळ्या मिळून त्या ताईंच्या घरी गेलो, चुकलं म्हणून सांगितलं. त्यांनी चहा केला. दोन महिन्यांनी त्या बैठकीला आल्या. अजून दाराजवळच बसतात. त्यांना पुन्हा आत आणणं हे आमचं पुढचं काम आहे, आणि ते कुठल्याच सेटिंगमध्ये सापडत नाही. म्हणून म्हणतो, आधी मोजा, मग बोला.