स्वमग्न मुले आणि शाळा : प्रवेशानंतरचे काम

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात शस्त्रक्रिया, बाह्यरुग्ण आणि तपासण्या यांची आकडेवारी आपण दरवर्षी पाहता. बालविकास विभागाचे काम मात्र त्या तक्त्यांत नीटसे मावत नाही, म्हणून त्याविषयी स्वतंत्रपणे लिहीत आहे. या विभागात येणारे पालक पूर्वी 'मूल बरे होईल का?' असे विचारीत. आता बहुतेकांचा पहिला प्रश्न 'शाळा ठेवून घेईल का?' हा असतो. त्याचे उत्तर देणे एकट्या रुग्णालयाच्या हाती नाही, पण तो टाळताही येत नाही.

'स्वमग्नता' हा शब्द मराठीत रूढ झाला असला तरी थोडा फसवा आहे. मूल हौसेने स्वतःत रमलेले नसते. त्याच्या मेंदूची जडणघडण निराळी असल्याने आवाज, प्रकाश व स्पर्श त्याच्यापर्यंत वेगळ्या तीव्रतेने पोहोचतात आणि बोलण्यातील वा चेहऱ्यावरील संकेत सहज उमगत नाहीत. आईच्या दुर्लक्षाने किंवा लसीकरणाने हे होत नाही. लसीशी संबंध जोडणारा 1998 मधील शोधनिबंध संबंधित वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला. तरीही हा संशय आमच्या बालरोगतज्ज्ञांना वारंवार दूर करावा लागतो. अशी मुले अपवादात्मक आहेत, असेही नाही. भारतातील पाच ठिकाणी (त्यांत उत्तर गोवा होते) झालेल्या व 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 2 ते 9 वर्षे वयाच्या सुमारे आठ मुलांपैकी एकात मेंदूविकासाशी निगडित एखादी तरी अडचण आढळली. स्वमग्नता ही त्यांपैकी एक होय.

कायद्याची वाट दीर्घ होती. 1995 च्या अपंग व्यक्ती अधिनियमातील यादीत स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. 1999 च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने तिची प्रथम दखल घेतली. शिक्षणहक्क कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने दिव्यांग बालकांचा वंचित घटकांत समावेश झाला आणि 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्वमग्नतेला स्थान दिले. या अधिनियमानुसार 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या बालकाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

प्रवेश मिळतो, खरी अडचण नंतर येते. एका वर्गात दाटीवाटीने बसलेली मुले, ध्वनिक्षेपकावरील प्रार्थना, मधल्या सुटीची घंटा, पंख्याची घरघर, हे सारे इतरांच्या कानांवरून निघून जाते. स्वमग्न मूल मात्र कान झाकते, बाकाखाली शिरते, कधी धावत सुटते. शिक्षकांना तो व्रात्यपणा वाटतो. मग आईला दूरध्वनी जातो. पुढे 'तुम्हीच वर्गाबाहेर बसा' अशी सूचना होते. नंतर दोनच तास पाठवा, असे सुचविले जाते. नवी मुंबईत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांत आजी-आजोबा गावी असतात, तेव्हा आईची नोकरी सुटते. वर्षअखेरीस मुलाचे नाव हजेरीपटावर असते आणि मूल घरी असते. कोणीही त्याला काढून टाकलेले नसते, त्यामुळे तक्रार तरी कोणाविरुद्ध करावयाची?

यावरील उपाय महागडे नाहीत, ही गोष्ट मला मुद्दाम नमूद करावीशी वाटते. दिवसाचा क्रम चित्रांत दाखविणारा पुठ्ठा, दारापासून दूरची जागा, घंटा होण्यापूर्वी दिलेली पूर्वसूचना, एका वेळी एकच छोटी आज्ञा, प्रार्थनेच्या वेळी वर्गातच थांबण्याची मुभा आणि शेजारी एक समजूतदार सवंगडी, एवढ्यानेही अनेक मुलांचा दिवस पार पडतो. मात्र यांतले काय कोणाला लागू पडेल, हे मुलागणिक बदलते. त्या विशिष्ट मुलाला ओळखणारी एक तरी प्रौढ व्यक्ती शाळेत असावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात विशेष शिक्षकांच्या नेमणुकांविषयी निर्देश दिले. त्यानंतर 2022 मध्ये केंद्राने प्राथमिक स्तरावर 10 दिव्यांग विद्यार्थ्यांमागे व उच्च प्राथमिक स्तरावर 15 विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण ठरविले. प्रमाण कागदावर ठरणे आणि शिक्षक वर्गात येणे, यांतील अंतर पालक जाणतातच.

आपल्या शहरात वाशी येथे महानगरपालिकेचे ईटीसी केंद्र आणि खारघर येथे केंद्र शासनाच्या बौद्धिक दिव्यांगजन संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. कित्येक कुटुंबांना यांची माहिती आमच्याकडे आल्यावरच होते.

प्रमाणपत्राबाबतही गैरसमज आहे. आपल्या रुग्णालयाचा अहवाल म्हणजे दिव्यांगत्व प्रमाणपत्र नव्हे. ते शासनाने अधिकृत केलेल्या रुग्णालयातील वैद्यकीय मंडळाकडूनच मिळते. मूल्यमापनाच्या भारतीय श्रेणीत 40 बाबी असून 70 पेक्षा कमी गुण आल्यास स्वमग्नता नाही असे धरतात. 'मुलावर शिक्का बसेल' म्हणून काही पालक हे टाळतात. त्यांची भीती मी समजू शकतो. पण दहावीच्या परीक्षेतील जादा वेळ व लेखनिक यांसारख्या सवलती या कागदाविना मिळत नाहीत.

आता थोडे हिशेबाविषयी. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने माझी नजर तिकडे वळतेच. यंत्र हा भांडवली खर्च आहे. ते ताळेबंदात दिसते आणि त्यावर देणगीदारांच्या नावाची पाटी लावता येते. वाचोपचारतज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ व विशेष शिक्षक यांचे मानधन हा महसुली खर्च. तो मार्चअखेर संपतो व पुढील वर्षी पुन्हा उभा राहतो. अशा खर्चासाठी देणगी मिळविणे अवघड जाते, हे विश्वस्त मंडळ जाणते. स्वमग्न मुलांना मात्र नेमकी याच खर्चाची गरज असते. तज्ज्ञांनी शाळेत जाऊन शिक्षकांसोबत घालविलेले दोन तास कोणत्याही यंत्राने भरून निघणारे नाहीत.

म्हणून यंत्रसामग्री निधीबरोबरच शाळाभेटींसाठी स्वतंत्र निधी असावा, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. त्यातून तज्ज्ञांचे मानधन व प्रवासखर्च भागविला जाईल. जूनमध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी प्रत्येक मुलासाठी वर्गशिक्षकांना द्यावयाचे एक पानी टिपण तयार व्हावे, अशी योजना आहे: मुलाला काय सोसत नाही, कशाने ते शांत होते आणि तहान वा लघवी ते कशा प्रकारे सांगते. पालकांनी त्यासाठी एप्रिलमध्येच बालविकास विभागात नाव नोंदवावे.